रिकाम्या गाडीचं वजन

वहिनींची तक्रार एवढीच होती की गाडीतला फ्रिज थंड होत नाही. मोटरहोम दुरुस्त करता करता ज्याच्या डोक्यावरचे केस गेले, त्या माणसाला ही तक्रार म्हणजे सर्दी-पडसं. मिस्त्रीने चहा संपवला, पाणसळ काखेत मारली आणि अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे निघाला. "अर्ध्या तासात देतो करून," असंही वर म्हणाला. माणसाने अशी वाक्यं बोलू नयेत.

रस्त्यावरच्या सगळ्यांचा तो मिस्त्री. घरात मात्र ढोल्या. तो सात वर्षांचा असताना थोरल्या भावाने हे नाव ठेवलं, आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी, एकशे चार किलोंचा देह पाहता, दादाचं चुकलं असं कुणालाच म्हणता आलं नसतं. दादाचं कधीच चुकायचं नाही. त्याच्याबरोबर राहण्यातली अडचण तीच तर होती. पार्सल कचेरीत छत्तीस वर्षं तराजूसमोर बसलेला माणूस तो. निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी डिलिव्हरी व्हॅन आणली. दोघा भावांनी मिळून तिच्यात ओटा, बिछाना, पाण्याची टाकी आणि फ्रिज बसवला. म्हणजे ढोल्याने बसवला आणि दादाने शेजारी उभं राहून चुका काढल्या. तेव्हापासून दर वर्षी दादा-वहिनी तिच्यातून दोन महिने भटकायला जात. लोक तिला मोटरहोम म्हणत, दादा घरगाडी म्हणे.

यंदा दादा नव्हता. दोन महिन्यांपूर्वी इस्पितळातच वारला. येत्या सोमवारी वहिनी एकट्याच निघणार होत्या.

"ती जाईल. तिला थांबवू नकोस," शेवटच्या आठवड्यात दादाने सांगितलं होतं. "गाडी एका माणसासाठी नीट करून दे. ऐकतोयस ना, ढोल्या?"

ढोल्या ऐकत होता. जन्मभर दुसरं केलं काय त्याने?

घरगाडीतला फ्रिज गॅसवर चालतो, आणि त्याचा स्वभाव लग्नातल्या व्याह्यासारखा असतो. बसायची जागा जरा तिरकी मिळाली की रुसला. म्हणून आधी गाडी सपाट उभी आहे का ते बघायचं, मग फ्रिज उघडायचा. ढोल्याने पाणसळ फरशीवर ठेवली. काचेतला बुडबुडा उजवीकडे सरकला आणि तिथेच थांबला. म्हणजे गाडी डाव्या अंगाला झुकलेली होती. पुढे-मागे लावून पाहिलं, तर मागचा डावा कोपरा दबलेला. त्या कोपऱ्यात बिछाना होता. उजवी बाजू वहिनींची, डावी, खिडकीकडची, दादाची.

खालचा कोबा ढोल्याने स्वतः केलेला, तेव्हा जमिनीवर संशय घ्यायची सोय नव्हती. चाकांतली हवा मोजली, चारही सारखी. मग तो गाडीखाली शिरला आणि त्याला हवा तो चोर सापडला. डावीकडचे कमानपाटे दमले होते. एवढ्या वर्षांनी लोखंडही दमतं. त्याच दिवशी त्याने दोन्ही बाजूंचे पाटे नवे घातले, गाडी जॅकवरून उतरवली, आणि बुडबुडा मधोमध येऊन शहाण्यासारखा बसला.

बुधवारी सकाळी तो पुन्हा उजवीकडे होता.

"तुम्ही आत झोपता का, वहिनी?" ढोल्याने विचारलं.

"गाडी शेडमधून बाहेर काढली तेव्हापासून आतच झोपते. घरात झोप लागत नाही, भावोजी. इथे कशी छान लागते."

त्या बाजारात गेल्यावर ढोल्या पुन्हा गाडीखाली उताणा पडला. सकाळचे दहा वाजले होते, अंगणात लख्ख ऊन, शेजारी कुणीतरी सतरंजी झटकत होतं. नव्या पाट्यांचे बोल्ट तो एकेक करून तपासत होता. तेवढ्यात नाकासमोरचा डावा पाटा हळूच कुरकुरला आणि दोन बोटं खाली आला. झटका नाही, आपटणं नाही. आजारी माणूस बिछान्यावर जपून बसतो तसा भार आला. मग थोड्या वेळाने तो मध्यावरून कडेकडे सरकला, जसं कुणी कूस बदलली.

ढोल्या त्या वजनाच्या मानाने फार चपळाईने बाहेर आला. दार उघडून पाहिलं. आत कुणी नव्हतं. बिछान्यावरची चादर ताणलेली, उशी नीट. चांगलं झालं, असं तो स्वतःशी म्हणाला आणि दार लावून घेतलं.

भीती वाटली की काही माणसं देवाकडे जातात. ढोल्या वजनकाट्यावर गेला.

गावाबाहेरचा हा काटा जुना, ट्रक तोलण्याचा, पण एका किलोचाही फरक दाखवणारा; म्हणूनच दादा दर वर्षी याच काट्यावर येई. घरगाडीवर किती भार चालतो ते ठरलेलं असतं. त्यापुढे गेलं की उतारावर ब्रेक ऐकत नाहीत आणि टायर कधी दगा देईल याचा नेम नाही. बहुतेक लोक हे वाचतात आणि विसरतात. दादाने त्याची वही केली होती. कपाटाच्या दाराला आतून सुतळीने बांधलेली वजनवही, शेजारी पेन्सिल, आणि खाली न्हाणीतला छोटा काटा. चहाच्या डब्यापासून चपलांपर्यंत प्रत्येक वस्तू तोलून लिहायची. पहिल्या दोन ओळी माणसांच्या: कोण जाणार आणि त्यांचं वजन किती. वहीचे तीन रकाने होते: वस्तू, वजन, आणि 'उतरवली तर कुठे'. नियम दोनच. जे वहीत ते गाडीत, जे वहीत नाही ते गाडीत नाही. आणि वहीत खोडाखोड करायची नाही. भार जास्त झाला म्हणून एखादी वस्तू उतरवली, तर ती कुठे ठेवली ते तिसऱ्या रकान्यात लिहायचं. "खोडलेली वस्तू म्हणजे हरवलेली वस्तू," दादा म्हणे. त्या तिसऱ्या रकान्यात पानोपानी एकच पत्ता असायचा. घडीची खुर्ची – ४.१ – ढोल्याकडे. जाड रजई – ३.४ – ढोल्याकडे. ढोल्या एकटा जीव सदाशिव, गॅरेजमागच्या दोन खोल्यांत राहणारा. त्या दोन्ही खोल्या दादाने उतरवलेल्या वस्तूंनी भरल्या होत्या.

सामान अजून चढलं नव्हतं. रिकाम्या गाडीचं वजन वहीत पहिल्या पानावर होतं: तीन हजार वीस.

"तीन हजार सदुसष्ट," काट्याच्या केबिनमधून मावशी ओरडल्या. वीस वर्षं त्याच खिडकीत बसून त्या विणकाम करत होत्या आणि आकडे सांगत होत्या.

"काटा बिघडलाय तुमचा, मावशी."

"काटा नाही बिघडत रे बाबा. माणसं बिघडतात." त्यांनी सुया खाली ठेवल्या. "आत कुणी बसलंय का? उतरव त्याला. आकडा एका जागी ठरत नाहीये."

"कुणी नाही आत."

"मग हे काय हलतंय? एक किलो वर, एक किलो खाली. आत माणूस असला की असं होतं. श्वासाचं असतं ते."

ढोल्याने केबिनवरच्या आकड्यांच्या पाटीकडे पाहिलं. लाल आकडा सदुसष्टवरून अडुसष्टवर जाई आणि परत येई, सावकाश, एका लयीत. तीन हजार वीस आणि वर सत्तेचाळीस. हा आकडा त्याच्या ओळखीचा होता. इस्पितळातल्या काट्यावर दादाला शेवटचं उभं केलं तेव्हा दोन्ही काखांत हात घालून त्यानेच धरलं होतं. नर्स म्हणाली होती, तुम्ही जरा हात सोडा, नाहीतर बरोबर कळणार नाही. त्याने अर्धा क्षण हात सोडले होते. सत्तेचाळीस.

असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात. बोललं की त्या खऱ्या होतात, आणि शिवाय माणसाला मिस्त्री म्हणून पुढे कुणी काम देत नाही. ढोल्याने गुरुवारचा अख्खा दिवस ते सत्तेचाळीस किलो शोधण्यात घालवला. गादी काढली, फळ्या काढल्या, जादाचं चाक, गॅसची टाकी, भिंतीतलं अस्तरसुद्धा सोडवून पाहिलं. पाण्याच्या टाकीत हात घालून तळ चाचपला. मिळालं काय, तर एक कंगवा, एक बटण आणि पेन्सिलीचा तुकडा. गादी उन्हात टाकली होती. डाव्या बाजूला तिच्यात माणसाएवढा खळगा होता, त्याचं काही नाही, जुन्या गादीला पडतोच. पण संध्याकाळी गादी परत घालताना त्याने ती मुद्दाम उलटी केली, आणि शुक्रवारी सकाळी वरच्या कोऱ्या बाजूलाही तोच खळगा होता.

शुक्रवारी काट्यावर आकडा आला तीन हजार त्र्याहत्तर. सत्तेचाळीसचे त्रेपन्न झाले होते.

"खातंय पितंय छान," मावशी म्हणाल्या, आणि ढोल्याचा चेहरा बघून त्यांनी पुन्हा सुया उचलल्या.

परत आला तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी हात वर करून गाडी कुठे लावायची ते दाखवलं, आणि त्यांचं घड्याळ मनगटावरून घसरून कोपरापाशी जाऊन अडकलं. ढोल्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. रोज दिसणारं माणूस आपण पाहतच नाही, हे त्याला तेव्हा कळलं. गाल बसले होते. ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. त्या गाडीत चढल्या, तेव्हा ती लोखंडी पायरी, जी ढोल्याने नुसता पाय ठेवला तरी किंचाळायची, ती कुरकुरलीही नाही.

"वहिनी, तुम्ही जेवता ना नीट?"

"दोन माणसांचं जेवते," त्या हसल्या. "अंगाला लागत नाही एवढंच."

रोजच्या शिरस्त्याप्रमाणे त्या न्हाणीतल्या काट्यावर उभ्या राहिल्या आणि वहीत आकडा लिहिला. त्या उतरल्यावर ढोल्याने वही हातात घेतली. हे पान सोमवारी त्यानेच आखलं होतं. "माझा हात धजत नाही, भावोजी, यादी तुम्ही सुरू करून द्या," असं वहिनी म्हणाल्या होत्या, आणि त्याने दादा करायचा तसे तीन रकाने पाडून पहिल्या ओळी लिहून दिल्या होत्या. काय लिहिलं ते त्याला आठवतसुद्धा नव्हतं. हात लिहीत होता, मन भलतीकडेच होतं. आता त्याने वाचलं. पहिली ओळ: वहिनी – ६२. त्यापुढे वहिनींनी रोज लिहिलेले आकडे, ६२, ६२, ६०, ५६.

दुसरी ओळ त्याच्याच अक्षरात होती. दादा – ४७.

दर वर्षी दोन माणसं, म्हणून दोन ओळी. पहिलीत वहिनी, दुसरीत दादा, आणि वजन जे शेवटचं माहीत होतं ते. जे वहीत ते गाडीत. गाडीने आणि दादाने नियम पाळला होता, चूक फक्त लिहिणाऱ्याची होती. आज काट्यावर जादा आलेले त्रेपन्न, आणि वहिनी छप्पन्न. बुधवारी सत्तेचाळीस आणि बासष्ट. ढोल्याला गणित कधी जमलं नाही, पण ही बेरीज त्याने बोटांवर केली. दोन्ही वेळा एकशे नऊ.

"तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला.

वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या. "पहिल्या रात्रीपासून. गादी त्या बाजूला दबते ना, तेव्हा मी थोडी तिकडे घरंगळते. पस्तीस वर्षं घरंगळत आले, मला कळणार नाही?"

"दादा वाढतोय आणि तुम्ही झिजताय."

"मग? त्यांना आजारात मी चमचाभर पाणी पाजू शकत नव्हते, भावोजी. नुसती बघत बसायचे. आता काहीतरी लागतंय त्यांच्या अंगाला. माझं वजन कुणाला द्यायचं ते मी ठरवीन."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ढोल्याने वही उलटून शेवटचं पान काढलं. पुढच्या वर्षीच्या प्रवासाची यादी दादा नेहमी शेवटच्या पानावर करून ठेवायचा, आणि वही शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होती. तिथे थरथरत्या अक्षरात लिहिलेलं होतं: ती – ६२. मी – ०. खाली एक ओळ: शिलाई मशीन – ९.५ – यंदा नेता येईल.

"त्याच्याच हातचं आहे, वहिनी. शून्य लिहिलंय त्याने."

"पाहिलंय मी!" त्यांचा आवाज एकदम फाटला. "इस्पितळातच पाहिलं. छत्तीस वर्षं पार्सलं तोलली त्या माणसाने, एक रकाना कधी कोरा सोडला नाही. घडीची खुर्ची उतरवली तरी ती कुठे गेली ते लिहायचे. आणि स्वतः उतरले, तर पुढे काही नाही? तिसऱ्या रकान्यात बघा. काय आहे?"

ढोल्याने पाहिलं. रकाना कोरा होता.

"कुठे गेले ते लिहा आधी," वहिनी म्हणाल्या, "मग मी उतरवते त्यांना." आणि डोळ्यांना पदर लावून त्या बिछान्यावर आपल्या बाजूला जाऊन बसल्या. गाडी हलली नाही. मग डावीकडचा पाटा किंचित कुरकुरला, आणि ढोल्या बाहेर आला. तिथे त्याचं काही काम नव्हतं.

शनिवारी त्या घरात गेलेल्या पाहून त्याने चोरासारखं गाडीत शिरून रबराने 'दादा – ४७' ही ओळ पुसली. कागद झिजेपर्यंत पुसली. व्हायचं तेच झालं. रविवारी काट्यावर अठ्ठावन्न किलो जादा आले, आणि वहिनी एकावन्नावर. खोडाखोड या घरात कधी चाललीच नव्हती. दादा हयात असता तर रबराचा तो डाग पाहून दोन दिवस बोलला असता. ढोल्याने ती ओळ पुन्हा होती तशी लिहिली आणि मनातल्या मनात माफीही मागितली.

त्या दुपारी तो आपल्या खोलीत दादाच्या खुर्चीवर, दादाची रजई मांडीवर घेऊन बसला. घाटातला उतार, एकावन्न किलोंची बाई, तिच्या पायाखाली जड क्लच, असं सगळं डोळ्यांपुढे येत होतं. आज एकावन्न, आणखी आठ दिवसांनी किती? दादाला काही कळत नसणार. तो मुद्दाम करणाऱ्यातला नव्हता. त्याचं नाव लिहिलं, तो येऊन बसला. आजारी माणसाला भूक लागली, ताट समोर आलं, तो जेवला. उतर म्हणून सांगायला हवं होतं, आणि दादाला काहीही सांगण्याची ढोल्याला आयुष्यात सवय नव्हती. त्याने खोलीभर नजर फिरवली. चार कंदील, दोन तंबू, घडीचं टेबल, पाण्याचे कॅन. प्रत्येकावर दादाच्या हातची चिठ्ठी होती. तो त्या चिठ्ठ्या वाचत राहिला, एक, दोन, तीन, आणि चौथ्या चिठ्ठीपाशी आपलं भलंमोठं पोट हलवत एकटाच हसायला लागला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

सोमवारी सकाळी नऊला वहिनींनी गाडी स्वतः चालवत काट्यावर आणली. मागून ढोल्या आपल्या पिकअपमध्ये. या पिकअपला एक खोड होती. शेजारच्या सीटवर भार असला आणि पट्टा लावला नसला की ती टिणटिण वाजत राहायची. हत्यारांची पिशवी ठेवली तरी वाजायची, म्हणून पिशवी खाली पायांपाशी. दादा शेजारी बसला की पूर्ण प्रवासभर टिणटिण. "कोपऱ्यापर्यंत तर जायचंय," म्हणत तो कधी पट्टा लावायचा नाही, आणि शेवटी ढोल्यालाच हात लांब करून लावावा लागायचा. आज पिकअप गप्प होती.

सामान घरी अंगणात बांधून ठेवलं होतं. रिकाम्या गाडीचा खरा आकडा आल्याशिवाय ते चढवायचं नाही, असा दादाचाच नियम. वहिनी खाली उतरल्या. उतरताना त्यांना दाराला धरून क्षणभर थांबावं लागलं.

"तीन हजार ऐंशी," मावशी म्हणाल्या. विणकाम मांडीवरच राहिलं होतं.

साठ. ढोल्या गाडीत चढला. पायरी किंचाळली. बिछान्याच्या डाव्या बाजूला खळगा पडला होता, आणि आज तो गादीच्या कडेला होता. माणूस उठायच्या बेतात असावा, नाहीतर नुकताच पाय खाली सोडून बसलेला असावा, तसा. खिडकीतून ऊन आलं होतं. धूळ त्या उन्हात तरंगत होती, पण खळग्याच्या वर थोड्या जागेत धूळही नव्हती.

ढोल्याने कपाटाचं दार उघडलं, वही हातात घेतली, आणि दादाकडे न बघता, कारण कुठे बघायचं तेच त्याला कळत नव्हतं, बोलायला सुरुवात केली.

"दादा, तुझं नाव मी लिहिलं. चूक माझी. तू शून्य लिहिलं होतंस, मी बघितलंच नाही. ती पन्नासाच्या खाली आलीये रे. एकोणपन्नास किलो. तूच सांगितलंस, गाडी एका माणसासाठी करून दे. मग आता तू उतर." तो रडतोय हे त्याला नाकापर्यंत आल्यावर कळलं. "नुसतं उतर नाही म्हणत मी. कुठे ते लिहितो."

त्याने सत्तेचाळीसपुढे साठ लिहिले. मग तिसऱ्या रकान्यात, स्वच्छ अक्षरात, एक शब्द लिहिला. वहिनी दारातून आत वाकून बघत होत्या. त्यांनी वाचलं.

दादा – ४७, ६० – ढोल्याकडे.

"भावोजी, नको," त्या कुजबुजल्या. "तुम्हाला माहीत आहे ना काय होईल ते?"

"त्याची सोय माझ्याकडे केव्हाचीच आहे," ढोल्या डोळे पुसत म्हणाला. "एकशे चार आहे, वहिनी. डॉक्टर दर वेळी बोंबलतात. दादाने जन्मभर माझ्या पोटाची टिंगल केली, आता खाऊ दे."

वहिनी आत आल्या, त्यांनी बिछान्याच्या डाव्या बाजूवरून एकदा हात फिरवला, उशी उचलली आणि ढोल्याच्या हातात दिली.

"त्यांना खिडकीकडची बाजू लागते," त्या म्हणाल्या. "आणि सकाळी कुणी बोललेलं चालत नाही, चहा होईपर्यंत."

"माहीत आहे मला. माझा भाऊ आहे तो."

दोघं खाली उतरली. काही झालं नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग गाडीचा डावा पाटा सावकाश कुरकुरत वर आला, आणि क्षणभराने लोखंडी पायरी खाली दबली. तिच्यावर कुणी नव्हतं. ती दबलेलीच राहिली, जसं कुणी उतरण्याआधी मागे वळून बघतं. मग तीही वर आली.

"तीन हजार वीस," केबिनमधून आवाज आला. जरा थांबून मावशी म्हणाल्या, "आकडा ठरलाय."

वहिनींनी गाडी वळवली. घरी जाऊन सामान चढवायचं होतं, शिलाई मशीनसकट, आणि ऊन चढायच्या आत निघायचं होतं. खिडकीतून त्यांनी हात केला; ढोल्याकडे केला, आणि मग त्याच्या डावीकडे, थोडं मागे, जिथे कुणीच नव्हतं तिथेही केला. गाडी अगदी सरळ चालली होती. फ्रिजचा हिरवा दिवा लागला होता.

ढोल्या पिकअपमध्ये बसला. उशी मधल्या जागेत ठेवली, किल्ली फिरवली. शेजारच्या सीटचं कातडं चरचरलं, आणि टिणटिण सुरू झाली.

घंटी वाजतच होती. "कोपऱ्यापर्यंत तर जायचंय, माहीत आहे," तो म्हणाला, आणि नेहमीप्रमाणे हात लांब करून शेजारचा पट्टा ओढून लावला. घंटी थांबली. मग त्याने आपला पट्टा घेतला. तो लावायला रोज पोट आत ओढून, श्वास कोंडून धरावा लागायचा. आज तो सहज लागला.